पाचच्या खाली आठ

बोरखडी, ता. आर्णी
११ जून

आदरणीय बाई,

नमस्कार. तुमाले फोनवर ऐकू येत नाई अन् मले फोनवर लिहिता येत नाई. मंग दोघींसाठी पोस्टच बरं, म्हणून हे पत्र.

तुमी रिटायर झाल्या त्याले सहा वर्षं झाली. तुमी पर्यवेक्षिका होत्या तेव्हा दौऱ्यावर आल्या का पह्यले रजिस्टर मागायच्या, मंग पाणी प्यायच्या. बाई, ते रजिस्टर आता नाई. पोरांची हजेरी, वजन, उंची, कोणती बाई पोटुशी आहे, कोणाले खाऊचं पाकीट दिलं, सगळं सरकारी फोनात भरा लागते. वजन-उंची भरली का फोनच सांगते, पोरगं हिरव्यात का पिवळ्यात का लालमधी. आपून डोळ्यानं पाह्यलेलं धरत नाई.

माह्या फोनाले काय झालं कोण जाणे. बटण दाबलं तर लागत नाई. जोरात दाबलं तर दोनदा-तीनदा लागते. परवा एका पोरीचं नाव कविता लिवाले गेली तर कककविता झालं. एका पोराचं वय दोनचं बावीस झालं. मदतनीस हासते. मी बी हासते, पण आतून भेव वाटते. नयन मॅडम म्हणून नवीन पर्यवेक्षिका आहेत, त्याईनं बैठकीत सांगतलं का ज्याईले फोन जमत नाई त्याईनं तसं लिहून द्यावं, नवीन शिकल्या पोरी लाईनीत आहेत. हे त्याईनं माह्याकडं पाहून म्हटलं का सगळ्याईले, मले समजलं नाई.

हे गेल्यापासून माहं घर म्हणजे अंगणवाडीच आहे. वावर दीर पाह्यते. मी घरी बसून काय करू? तुमची सून संगणकाचा क्लास घेते असं ऐकलं. तिले विचारून सांगान का, फोन दुरुस्तीले द्यावा का काही उपाय आहे?

तुमची,
इंदू ढोले


उमरखेड
१९ जून

चि. इंदूस,

आशीर्वाद. तुझं पत्र पोस्टमनने दारात उभं राहून तीनदा हाका मारून दिलं म्हणे. मला एकही ऐकू आली नाही. कानातलं यंत्र आहे, पण ते घातलं की पंख्याचा आवाज ऐकू येतो आणि माणसांचा नाही, म्हणून डब्यात पडून आहे.

तुझं पत्र सुनेला, प्रेरणाला, वाचून दाखवलं. ती म्हणाली, फोन बिघडलेला नसावा. त्याच्यावर दुकानदाराने जाड काच चिकटवली आहे का बघ. फोनच्या पडद्याला बोटाचा जोर कळत नाही, बोटाची चाहूल कळते. आपल्या अंगात किंचित वीज असते, ती पडद्याला समजते. वर जाड काच असली, किंवा बोटाची कातडी फार कोरडी, घट्टे पडलेली असली, तर ती चाहूल पोचत नाही. तू मग जोर करतेस, बोट जास्त वेळ टेकतं, आणि एकाच्या जागी तीन अक्षरं उमटतात. जोर करू नको.

आता नीट कर. फोनच्या सेटिंगमध्ये जा. तिथे डिस्प्ले म्हणून आहे, त्यात खाली टच सेन्सिटिव्हिटी असं लिहिलेलं असेल, ते चालू कर. म्हणजे हलक्या स्पर्शालाही पडदा जागा होईल. दुसरं, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये बटण दाबून धरण्याचा वेळ असतो, तो वाढव, म्हणजे अक्षर दोनदा येणार नाही. कीबोर्डची उंचीही वाढवता येते. प्रेरणाने चित्र काढून दिलं आहे, सोबत जोडते. बाणाच्या क्रमाने जा.

आणि भिऊ नकोस. नवीन साहेब सगळे असंच बोलतात. मी काय कमी बोलायची?

तुझी,
सुचित्रा देव


बोरखडी
६ जुलै

आदरणीय बाई,

तुमच्या सुनेच्या तोंडात साखर पडो! चित्रात होतं तसंच केलं. बोट नुसतं टेकवलं का लागते. पह्यल्या दिवशी मी मदतनिशीले बसवून दहा नावं भरून दाखवली, एकबी अक्षर दुसऱ्यांदा आलं नाई. आता तर उलटं झालं आहे. बोट बटणावर जायच्या आधीच लागते. लुगड्याचा पदर घासला तरी पान पलटते. पण होईन सवय.

काल वजनाचा दिवस होता. तांड्यावरचे बरेच लोक आदिलाबादकडं वीटभट्टीवर गेलते, ते आता आले. हरिसिंग राठोड अन् त्याची बायको रविना पह्यल्यांदाच पोरगी घेऊन आली. खुशी नाव आहे. अकरा महिन्याची. पण बाई, हातात घेतली तर कापसाची पेंडुळी, वजनच नाई. काटा पाच पूर्णांक आठवर थांबला. डोळे मोठ्ठे, सारं पाह्यते, रडत नाई. मले तुमचं आठवलं, तुमी म्हणायच्या का रडणाऱ्या पोराची काळजी करू नका, न रडणाऱ्याची करा.

एक गंमत सांगते. परवा भाकरी करताना तव्यावर बोट टेकून राह्यलं, मले समजलंच नाई. वास आला तेव्हा पाह्यलं. दोन बोटाले फोड आले. दुखत नाई काही. आता फोन डाव्या अंगठ्यानं चालवते.

तुमची,
इंदू


उमरखेड
१४ जुलै

चि. इंदूस,

याला गंमत म्हणत नाहीत. चटका बसला आणि कळलं नाही, हे बरं लक्षण नाही. माझ्या थोरल्या जावेला साखर होती, तिला पायात खिळा घुसलेला संध्याकाळी कळला. तू उद्याच्या उद्या आर्णीला जाऊन रक्त तपास. मला आता उमगतंय, बिघाड फोनमध्ये नसेल, तुझ्या बोटांत असेल. मी उगाच फोनला औषध दिलं.

तोवर एक कर. बटण दाबलं की फोन थरथरतो, ती सोय चालू ठेव असं प्रेरणा म्हणते. पण तुझ्या बोटांना ती थरथर कळणार असेल तरच उपयोग. त्यापेक्षा आकडा भरला की मोठ्याने वाच, आणि मगच जतन कर. मदतनिशीला काट्याजवळ उभी कर. तिने काटा वाचायचा, तू फोन वाचायचा.

त्या खुशीचं काय केलंस? लाल यादीत नाव गेलं असेल. डॉक्टर बघून गेले का? उपचार केंद्रात पाठवायचं तर आई सोबत जायला तयार होते का, हे आधी विचार. बायका घर सोडून पंधरा दिवस राहायला कचरतात.

लवकर लिही.

सुचित्रा


उमरखेड
२५ ऑगस्ट

चि. इंदूस,

माझ्या पत्राला सहा आठवडे होत आले. पोळा गेला तरी तुझा कागद नाही. आर्णीच्या एका ओळखीच्या बाईंना प्रेरणाने फोन केला, त्या म्हणाल्या, इंदूबाई कामावर येतात पण कोणाशी बोलत नाहीत. रक्त तपासलंस का? बोट चिघळलं का? दोन ओळी लिही. लिहवत नसेल तर कोणाकडून लिहवून घे.

सुचित्रा


बोरखडी
२ सप्टेंबर

आदरणीय बाई,

पत्र लिवाले उशीर झाला, माफ करा. रक्त तपासलं. साखर साडेतीनशे निघाली. गोळ्या चालू आहेत. बोटांबद्दल डॉक्टर म्हणते, गेलं ते येत नाई, आहे ते सांभाळा.

खुशी गेली. एकोणीस ऑगस्टले. तिले दोन दिवस हगवण लागली होती. हरिसिंगनं मोटरसायकलवर आर्णीले नेलं, रविना मागं पोरगी घेऊन बसली. फाट्यावर रविनानं गाडी थांबवाले लावली. तितंच गेली. दोघं रस्त्याच्या कडेले बसून होते, मंग उत्तमसिंग, तिचा आजा, बैलबंडी घेऊन गेला अन् तिघाईले घरी घेऊन आला.

चवकशीले नयन मॅडम आल्या. फोनात पाह्यलं. जुलैमधी वजन आठ पूर्णांक आठ, ऑगस्टमधी नऊ. पोरगी हिरव्यात. त्याईनं लिहून घेतलं का हगवणीनं मृत्यू, कुपोषण नाई. मले म्हणे, इंदूबाई, तुमचं रेकॉर्ड चांगलं आहे म्हणून निभावलं. माह्या सह्या घेतल्या अन् गेल्या.

मी ठीक आहे. काळजी करू नका.

इंदू


उमरखेड
९ सप्टेंबर

इंदू,

पत्र वाचून जेवण गेलं नाही. ज्या बाईने फाट्यावर गाडी थांबवायला लावली, तिचा चेहरा मी कधी पाहिला नाही, पण दोन दिवस तोच समोर आहे.

आता एक विचारते, त्याचं खरं उत्तर दे. तुझं सहा जुलैचं पत्र माझ्यापुढे आहे. त्यात तू स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहेस, काटा पाच पूर्णांक आठवर थांबला. आणि आता लिहितेस, फोनात आठ पूर्णांक आठ. एकाच दिवशी एकाच पोरीचं वजन तीन किलोने वेगळं कसं? आणि ऑगस्टात नऊ? तू तिला हातात घेतली होतीस ना?

तीस वर्षं मी रजिस्टरं तपासली. दोन आकडे जुळले नाहीत की माणूस माझ्या नजरेला नजर देत नसे. तुझ्या शेवटच्या पत्रात मला तेच दिसलं.

सुचित्रा


बोरखडी
१७ सप्टेंबर

बाई,

तुमी विचारलं नसतं तर मी कोणाले सांगतलं नसतं. आता सांगते.

त्या दिवशी अंगणवाडीत चाळीस-पन्नास बाया-पोरं होते. लाईन गेलती. घामानं हात ओला. मदतनीस खिचडी पाह्यत होती. काट्यावर पाच पूर्णांक आठ पाह्यलं अन् मी फोनात टाकाले गेली. तुमी फोनात आकडे पाह्यले असतीन, पाचच्या बरोबर खाली आठ आहे. अंगठा खालून वर नेताना आठले लागला असंन. पडदा इतका तिखट करून ठेवला होता का चाहूल लागली तरी घेत होता, अन् माह्या अंगठ्याले लागलं का नाई लागलं ते समजत नाई. मी समजली पाच लागला. मंग टिंब, मंग आठ. पुढचं पोरगं रडत होतं. जतन केलं.

तिसऱ्या दिवशी लाल यादी काढली तर तिचं नाव नाई. उघडून पाह्यलं, आठ पूर्णांक आठ, हिरवा. बाई, त्या दिवशी दुरुस्त करता येत होतं. पण सेविकेनं करायचं नसते, पर्यवेक्षिकेले सांगा लागते, मंग ती तिच्या फोनातून उघडून देते. म्हणजे नयन मॅडमले सांगा लागलं असतं का माहं बोट चुकलं. त्याईनं विचारलं असतं, काहून चुकलं? किती ठिकाणी चुकलं? बोटं दाखवा. दोन बोटाले फोड होतेच. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात बरोबर वजन टाकीन, आपोआप लालमधी येईन. एका महिन्यानं काय होते, असं म्हटलं मी. हे मी मनातल्या मनात म्हटलं अन् घरी येऊन जेवली.

रविना दोनदा आली. म्हणे, मावशी, छोरी दूध वढत नाई, हिले मोठ्या दवाखान्यात पाठवाची चिठ्ठी देता का? मी म्हटलं, चिठ्ठी लालवाल्यांले भेटते, तुही पोरगी हिरव्यात आहे. हे मी म्हटलं बाई. तिनं फोन पाह्याले मागतला. मी दाखवला. तिले वाचता येत नाई, पण हिरवा रंग समजते. ती पाहून हासली. पोरीले म्हणे, पाह्य खुशी, तू हिरवी आहेस. मी दोन पाकीटं जास्तीची दिली अन् घरी पाठवली.

ऑगस्टात वजनाच्या दिवशी काटा पाच पूर्णांक चारवर आला. मी फोन हातात धरून बसली. पाच पूर्णांक चार टाकलं असतं तर एका महिन्यात तीन किलोच्या वर उतरलं असं दिसलं असतं. तितं लाल खूण येते अन् वरून माणूस येते. मी नऊ टाकला. बाई, त्या दिवशी बोट अजिबात चुकलं नाई. नऊच लागला.

बारा दिवसानं ती गेली.

आता मले झोपच येते. दिवसाउजेडी बी येते. जेवता जेवता येते. लोक म्हणतात साखरेनं असंन.

इंदू


उमरखेड
२६ सप्टेंबर

इंदू,

तुझं पत्र आल्या दिवसापासून चार वेळा उत्तर लिहून फाडलं. हे पाचवं.

पहिल्यांदा माझ्या वाट्याचं. पडद्याची ती सेटिंग मी सांगितली. तुझी बोटं न पाहता, तू काय लपवते आहेस हे न विचारता, पत्रातून वैदगिरी केली. तेव्हा जुलैचा आकडा एकट्या तुझा नाही.

दुसरं मी आजवर कोणाला सांगितलं नाही. प्रेरणालाही हे पत्र दाखवलेलं नाही. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला, माझ्या पहिल्या बीटात, म्हणजे माझ्याकडच्या गावांत, एका वर्षी वरून निरोप आला की चौथ्या, म्हणजे सर्वांत खंगलेल्या, श्रेणीतली मुलं या महिन्यात तीनच्या वर दिसता कामा नयेत. होती नऊ. सेविका खरी होती, ती बदलायला तयार होईना. मी तिच्याकडून रजिस्टर घेतलं आणि सहा मुलांची वजनं माझ्या हाताने अर्धा-अर्धा किलो वाढवली. खाडाखोड दिसू नये म्हणून अख्खं पान नव्याने लिहिलं. अक्षर चांगलं होतं माझं. त्या सहांतली किती मोठी झाली, मी कधी विचारलं नाही. पुढे बदली झाली तेव्हा सुटले असं वाटलं. तुम्हा पोरींच्या रजिस्टरात खाडाखोड दिसली की मी ओरडायची, ते का, हे आता तुला कळेल.

म्हणून तुला दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. आणि सल्ला मागितलेला नसताना देते आहे. गप्प राहा. मूल परत येणार नाही. तुझ्या नोकरीची अजून सात वर्षं आहेत, घरी कोणी नाही, साखर आहे. तू बोललीस तर तुला काढतील आणि उद्या दुसरी येईल, तिचीही बोटं कधी तरी चुकतील. रविनाला काय सांगणार? तिची जखम पुन्हा उघडून तुझं ओझं हलकं करणार का? आतल्या आत सोस. मी सोसलं. सवय होते असं म्हणणार नाही, पण दिवस जातात.

हे पत्र वाचून फाडून टाक.

सुचित्रा


बोरखडी
३० ऑक्टोबर

आदरणीय बाई,

तुमी लिवलं तशी मी गप बसणार होती. दसरा गेला. मंग आर्णीले बैठक झाली. नयन मॅडमनं सांगतलं का आपल्या बीटात या वर्षी कुपोषणानं एकबी मृत्यू नाई. सगळ्याईनं टाळ्या वाजवल्या. मी बी वाजवल्या. वाजवताना हाताकडं लक्ष गेलं. टाळी ऐकू येत होती, पण हाताले लागत नव्हती. मी उठून बाहीर आली.

दिवाळीच्या आधी अर्ज लिवला. जुलैचं वजन पाच पूर्णांक आठ होतं, माह्या चुकीनं आठ पूर्णांक आठ गेलं, तिसऱ्या दिवशी समजलं तरी सांगतलं नाई. ऑगस्टचं पाच पूर्णांक चार होतं, मी जाणून नऊ टाकलं. खाली सही. तुमच्या सुनेचं चित्र, सेटिंग, त्यातलं काहीच लिवलं नाई. ते फोन हातात घेणारीनं पाहाचं असते. तुमच्या पत्रातलंबी लिवलं नाई, ते तुमचं आहे. पण फाडलं नाई बाई. मन झालं नाई.

अर्ज घेऊन नयन मॅडमकडं गेली. त्याईनं वाचला अन् दार लावून घेतलं. म्हणे, "इंदूबाई, हे कायले? झालं ना सगळं." मी म्हटलं, आकडा दुरुस्त करून द्या. त्या म्हणे, "महिना बंद झाला की आकडा बदलत नाही. तुम्ही कागदावर काहीही लिहा, फोनात आठ पूर्णांक आठच राहणार. मला बदलता येत नाही, माझ्या साहेबांनाही येत नाही." मी म्हटलं, मंग कागद तरी ठेवा. त्याईनं अर्ज पुन्हा वाचला. त्याईच्याकडं दोन बीटं आहेत बाई, एक तर रिकामं पडलं होतं ते वरून दिलं. त्याईचा चेहरा पाहून मले त्याईचा राग आला नाई. शेवटी शिक्का मारला अन् पोच दिली. म्हणे, "आता हे माझ्याही हातात राहिलं नाही."

आठ दिवसात नोटीस आली. फोन, काटा, किल्ल्या जमा केल्या. पुढं काय करतीन माईत नाई. गावात समजलं, तांड्यावर अजून पोचलं नव्हतं. दिरानं वावरातून येऊन इचारलं का तुले असं लिहून द्याची काय पडली होती. मी सांगतलं, पडली होती. सकाळी अंगणवाडी उघडायच्या टायमाले पाय आपोआप तिकडं चालाले लागतात, मंग आडवी वाट धरून मी देवळाकडं जाते.

रविनाले मात्र कागदावरून समजू द्याचं नव्हतं. कालच गेली. ती दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचाले जाते. मी धुऱ्यानं, बांधावरून, गेली, तिच्या ओळीजवळ उभी राह्यली. ती वेचत होती. म्हणे, "काय मावशी, वावरात कशी?"

मी सांगतलं. सारं सांगतलं. पाच पूर्णांक आठ, आठ पूर्णांक आठ, माहं बोट, तिसरा दिवस, तू चिठ्ठी मागाले आली तेव्हा मले माईत होतं ते, अन् ऑगस्टातला नऊ. तिले आकड्यातलं समजलं का नाई म्हणून मी हातानं दाखवलं, का येवढी असाले पाह्यजे होती अन् येवढी होती. तिचे हात चालूच होते. एक बोंड, दुसरं बोंड. मले वाटलं ती ओरडंन. तिनं ओरडावं म्हणूनच मी गेलती कदाचित.

मंग तिचे हात थांबले. ती म्हणे, "मले समजत होतं मावशी. मी तं रोज उचलत होते तिले. भट्टीवर होतो तेव्हा मांडीवर जड लागे. मंग हलकी होत गेली, रोज हलकी. हरिसिंगले म्हटलं, छोरी हलकी होऊन राह्यली, तो म्हणे तुले भास होते. मंग तुमी फोन दाखवला. हिरवा. मी म्हटलं, मशीन खोटं कायले बोलंन? माह्याच हाताले समजत नसंन."

येवढं बोलून तिनं कापसाची ओटी सावरली अन् पुढच्या झाडाले हात घातला. मी माफी मागाले तोंड उघडलं, पण तिची पाठ माह्याकडं झाली होती. ओळ संपली तशी ती दुसरीत गेली, मंग तिसरीत. मी उन्हं उतरेपावतर धुऱ्यावर उभी होती. तिनं एकदाबी मांगं पाह्यलं नाई.

तुमची,
इंदू